मेलेल्या पक्ष्यांचं दार

रविवारी दुपारी तीन वाजता सगळ्यांनी अंडी निवडायच्या हॉलमध्ये जमायचं, असं धाकट्याने शनिवारीच फळ्यावर लिहून ठेवलं होतं. खाली सूचना होत्या. खिडक्या उघड्या राहतील. ज्याने त्याने आपापल्या फुलीवर बसावं. बोलताना मास्क खाली ओढू नये. विषय : ताई.

फुल्या त्याने स्वतः खडूने काढल्या होत्या, टेप लावून, सहा-सहा फुटांवर. प्रत्येक फुलीवर एक प्लास्टिकचा क्रेट पालथा घातला होता. अण्णांना मात्र खुर्ची होती, कारण क्रेटवरून उठताना त्यांना धाप लागायची. हे उबवणी केंद्र त्यांनी उभं केलं आणि चाळीस वर्षं पिसांची धूळ छातीत घेतली. पुढे केंद्र मुलांकडे गेलं आणि धूळ अण्णांकडे राहिली.

ताईला फुली नव्हती. ती गेटाबाहेर गाडीवाल्यांच्या बाकावर बसली होती, पायाशी एक बॅग घेऊन, आणि हॉलमध्ये तिचा फक्त आवाज होता. फोन उभा राहावा म्हणून थोरल्या सुनेने तो अंड्यांच्या रिकाम्या ट्रेमध्ये खोचून टेबलावर ठेवला होता. थोरली सून पक्ष्यांची डॉक्टर. घरात तिला सगळे डॉक्टरीणच म्हणायचे.

"ऐकू येतंय का?" ताईने विचारलं.

"येतंय," धाकटा म्हणाला. "तू बोलू शकतेस. फक्त मत देता येणार नाही. तू बाहेर आहेस."

"बरं," ताई म्हणाली.

शहरातल्या मोठ्या दवाखान्यात ती नर्स होती. आठ आठवडे तापाच्या वॉर्डात काढल्यावर तिला चौदा दिवसांची सुट्टी मिळाली होती, आणि त्याच दिवशी नर्सांच्या वसतिगृहात खाटा टाकून त्याचाही वॉर्ड केला होता. आता घरी जा म्हणाले. घर म्हणजे हेच, बाकाच्या समोरचं. संध्याकाळी सहानंतर रस्त्यावर दिसायचं नाही असा सरकारी हुकूम होता, तेव्हा जे काय ठरायचं ते सहाच्या आत ठरायला हवं होतं.

"वजनकाट्याची खोली झाडून ठेवली आहे," धाकटा म्हणाला. "रस्त्यापलीकडे. कॉट आहे, पंखा आहे. डबा दाराशी ठेवू. चौदा दिवसांचा तर प्रश्न आहे."

"मला खोली नको रे," ताई म्हणाली. दुकानात दुसरा रंग मागावा तशा आवाजात. "खोली तिथेही होती. आठ आठवडे मी जी माणसं पाहिली ती सगळी पालथी झोपवलेली. मला उठून बसलेली माणसं बघायची आहेत. लांबून चालतील. बोलली नाहीत तरी चालतील."

"न बोलणं या घराला जमायचं नाही," थोरला म्हणाला. "बाकी ये."

"ये काय, ये?" धाकटा म्हणाला. "अजून चर्चा व्हायची आहे."

"मग कर सुरू. तू अध्यक्ष."

गेले दोन महिने घरात धाकट्याचंच राज्य होतं, आणि ते त्याने मागून घेतलं नव्हतं. रोगाची पहिली बातमी आली त्या दिवशी त्याने कामगारांना पगारी सुट्टी देऊन घरी पाठवलं, दोन शेड रिकाम्या केल्या, एकच चालू ठेवली आणि गेटाला आतून कुलूप घातलं. मग घराच्याही तीन शेड केल्या. वरची खोली अण्णा आणि आईची. पुढची थोरल्याची आणि डॉक्टरणीची. ऑफिसातली कॉट त्याची स्वतःची. या शेडचं माणूस त्या शेडमध्ये जाणार नाही. गेटात पाय बुडवायचा औषधाचा हौद होताच, त्याच्या शेजारी वही होती, आणि खाद्याची गाडी आली तरी तिचा नंबर, वेळ आणि चाकांवर मारलेल्या फवाऱ्याची नोंद तो स्वतःच्या अक्षरात करायचा. चाळीस वर्षं पिल्लांना हे नियम लावल्यावर माणसांना लावताना कुणाला फारसं काही वाटलं नव्हतं. डॉक्टरीण मनातल्या मनात त्याला कुलूपभाऊ म्हणायची, पण कौतुकाने.

केंद्राला चारी बाजूंनी भिंत होती आणि आत येण्याची वाट ती एकच. मागच्या भिंतीत कंबरेएवढं एक लोखंडी दार होतं, पण ते मेलेले पक्षी बाहेर खड्ड्यात नेऊन टाकायचं दार. त्यातून माल फक्त बाहेर जातो. आत काही येत नाही. हा नियम इतका जुना होता की त्या दाराला वही नव्हती.

"माझं म्हणणं साधं आहे," थोरला म्हणाला. "नवी पिल्लं आली की मी काय करतो? जुन्या शेडमधलं, कोंबड्यांखालचं घमेलंभर तूस आणून त्यांच्या खाली पसरतो. त्यात थोडा रोग असतो. पिल्लं दोन दिवस मान टाकतात, मग उठतात, आणि पुढे जन्मभर त्या रोगाचं नाव नाही. याच्या उलट तुझी बंद पिल्लं. काचेच्या कपाटातली. एक दिवस कोणीतरी खोकतं आणि सगळी शेड साफ."

"आणि तुझ्या घमेल्याने शंभरात किती मरतात?"

"चार. चार टक्के मरतूक आपण धरूनच चालतो."

"आपण घरात ताई धरून सहा जण," धाकटा म्हणाला. "सहाचे चार टक्के किती?"

थोरल्याचा हिशेब चांगला होता. "पाव माणूस," तो म्हणाला. "पावाला थोडा कमी."

"कोणाचा पाव?"

कोणी मुद्दाम पाहिलं नाही, पण नजरा आपोआप खुर्चीकडे गेल्या. अण्णा चष्मा पुसत होते. चष्मा पुसून झाल्यावर त्यांनी तो पुन्हा पुसायला घेतला.

"माणूस म्हणजे पिल्लू नव्हे, एवढं मलाही कळतं," थोरला म्हणाला. "पण तुझं कुलूप किती दिवस? एक महिना म्हणालास. दोन झाले. सहा होतील. वर्ष होईल. अण्णा ब्याऐंशीचे आहेत. वर्षभर बंद राहायला त्यांच्याकडे वर्षं शिल्लक आहेत का फार? खिडकीतून शेड बघत काढायची ती? लस येईल तेव्हा येईल."

"ते मी बघेन," अण्णा म्हणाले.

"आणि लेक बाकावर बसून आहे ते?"

अण्णांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

धाकट्याला वाटत होतं, थोरल्याने एवढं सरळ बोलायला नको होतं, आणि त्याहून जास्त हे वाटत होतं की तो खोटं बोलत नव्हता. त्याला सायकल ताईने शिकवली होती. तो पडायचा आणि ती म्हणायची, "उठ, मी कुणाला सांगत नाही." गेली चाळीस वर्षं तिने खरंच कुणाला सांगितलं नव्हतं. पण दोन महिन्यांपूर्वी छातीच्या डॉक्टरांनी अण्णांचा एक्स-रे उजेडाला धरून त्याला एकट्याला सांगितलं होतं की या छातीला हा आजार झेपणार नाही, आठवडाभरही नाही. ते वाक्य त्याने घरात आणलं नव्हतं. त्याऐवजी कुलूप आणलं होतं. आता या वाक्यासाठी ताईला रस्त्यापलीकडे ठेवायचं होतं आणि तेही तिच्याच कानादेखत.

"वहिनी, तुम्ही सांगा," तो म्हणाला. "तुम्ही शिकलेल्या आहात."

डॉक्टरणीचा पंचवीस वर्षांचा रिवाज असा होता की चार माणसांत नवऱ्याची बाजू घ्यायची आणि खोलीत गेल्यावर त्याला सोलून काढायचं. आज तिने क्रम बदलला.

"मी भाऊजींच्या बाजूने आहे," ती म्हणाली.

थोरल्याने तिच्याकडे पाहिलं. ती ट्रेमधल्या फोनकडे पाहत होती.

"तुसाचा रोग आपल्याला पाठ आहे," ती म्हणाली. "शंभर वर्षांपासून माहीत असलेला रोग. कोणत्या वयात द्यायचा, किती द्यायचा, कधी औषध सोडायचं, सगळं. हा कालचा आहे. याची मात्रा कुणाला माहीत नाही. माहीत नसलेलं तूस तुम्ही तरी शेडमध्ये पसराल का?"

"नाही," थोरला म्हणाला. खोटं बोलणं त्याला धंद्याच्या बाबतीत जमत नसे.

"पण भाऊजी, तुमचंही मला पटत नाही. तुम्ही धरून चाललाय की आत रोग नाहीच. कशावरून? वहीवरून. कळप निरोगी आहे असं वही बघून मी कधी लिहून दिलं नाही. आधी रक्त घेते." तिने पिशवीतून एक खोका काढला. "प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीने दिलेत. बोटाला टोचायचं, थेंब टाकायचा, पंधरा मिनिटं थांबायचं. अंगात येऊन गेला असेल तर दोन रेघा दिसतात. शंभर टक्के भरवशाचे नाहीत, पण वहीपेक्षा बरे."

धाकट्याला हे वहीबद्दलचं लागलं. पण रक्त घेण्याला नाही म्हणणारा माणूस या घरात जन्मला नव्हता. कळपाचं रक्त महिन्याला घेतलं जायचं. त्याने बाही वर केली, मग बोटच हवं आहे हे कळल्यावर खाली केली.

आईचं लक्ष घड्याळाकडे होतं. चारला दहा कमी. ती मघापासून एक शब्द बोलली नव्हती, आणि ही गोष्ट कुणाच्या लक्षात आली नव्हती, कारण सभेत ती कधीच बोलत नसे. डॉक्टरीण एकेका फुलीवर जाऊन टोचत होती. अण्णा, थोरला, धाकटा. मग ती स्वतःचं बोट टोचून आईपुढे येऊन उभी राहिली.

"माझं कशाला?" आई म्हणाली. "मी कुठे जाते?"

"सगळ्यांचं घ्यायचं असतं आई. एक सोडला की त्याला काही अर्थ राहत नाही."

"त्यात मला धरूच नकोस."

"आई, बोट," डॉक्टरीण म्हणाली. हा आवाज तिने चोच मारणाऱ्या कोंबड्यांसाठी राखून ठेवला होता. आईने बोट पुढे केलं.

मग पंधरा मिनिटं पाच माणसं पालथ्या क्रेटांवर आणि एका खुर्चीवर बसून राहिली. फोनमधून रस्त्यावरून जाणाऱ्या एका सायकलची घंटी ऐकू आली. ताई म्हणाली, "झालं का ठरून?" थोरला म्हणाला, "नाही, अजून शिजतंय." डॉक्टरणीने पाच पट्ट्या टेबलावर ओळीत मांडल्या होत्या आणि ती त्यांच्यावर वाकून उभी होती. ती बराच वेळ तशीच वाकून राहिली.

"कोणाच्या आहेत दोन?" थोरल्याने विचारलं.

"आईंच्या," ती म्हणाली.

"पट्टी खराब असेल," धाकटा लगेच म्हणाला.

डॉक्टरणीने आईचं दुसरं बोट टोचलं. या वेळी आईने ते आपणहून पुढे केलं. पुन्हा पंधरा मिनिटं गेली. दुसऱ्या पट्टीवरही दोन रेघा आल्या, पहिलीपेक्षा ठळक.

गेल्या महिन्यात आई रुसली होती. एका सकाळी ती म्हणाली की आपण आता दहा दिवस स्वयंपाक करणार नाही, ज्याला जे हवं ते त्याने करून खावं, आणि कृपा करून माझ्याशी कुणी बोलायला येऊ नये. मग ती उशी-पांघरूण घेऊन खाली ट्रेच्या खोलीत गेली आणि तिने आतून कडी लावली. अण्णांना तिने एवढंच सांगितलं की जिना चढून गुडघे दुखतात. घरातल्यांनी गुडघ्यांवर विश्वास ठेवला नाही. कोण काय बोललं याची चौकशी झाली. आदल्या दिवशी थोरला भाजीत मीठ जास्त झालंय असं म्हणाला होता हे बाहेर आलं. त्याने तीन दिवस तोंड चुकवलं. चौथ्या दिवशी बंद दाराबाहेर उभं राहून तो म्हणाला, "आई, मीठ बरोबर होतं." आतून आई म्हणाली, "बरं." तो खूश होऊन परत आला होता. ती बाहेर आली त्या दिवशी दूध उतू जाऊन पातेलं करपलं. ती शेजारी बसून होती आणि तिला वास आला नाही. त्यावर, रुसवा अजून पुरता उतरलेला नाही, असं घराचं मत पडलं होतं.

हे सगळं आता त्या हॉलमध्ये एकेकाच्या डोक्यात आपापल्या वेगाने येत होतं. थोरल्याला सर्वांत उशिरा आलं. पण आलं तेव्हा तो क्रेटवरून उठून उभा राहिला.

"तू रुसली नव्हतीस," तो म्हणाला.

"मिठावरून कोण रुसतं?" आई म्हणाली.

"दहा दिवस तू आत तापात होतीस. आणि मी बाहेर उभा राहून मिठाचं बोलत होतो."

"ताप चारच दिवस होता. नंतर नुसता अशक्तपणा. बादलीभर पाणी होतं, बिस्किटं होती, दोन पावांच्या लाद्या होत्या. अण्णांपासून लांब राहायचं होतं, ते राहिले."

"सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर तू दार उघडून आत आला असतास, आणि त्याने," तिने धाकट्याकडे मान केली, "दार बाहेरूनही लावलं असतं. मला दोन्ही नको होतं."

थोरला खाली बसला. मघाचा पाव माणूस त्याला आठवला. तो हिशेब त्याने मोठ्याने सांगितला होता, आणि तो सांगताना त्याने आईला सहांत धरलं होतं की नाही, हेही त्याला आता आठवत नव्हतं. त्याला फार वाईट वाटलं. वाईट वाटलं की तो बोलायचा, म्हणून तो बोलला.

"म्हणजे बघा, येऊन गेला की नाही? आणि आई ठणठणीत आहे."

"येऊन गेला आणि आपल्यापैकी कुणाला झाला नाही," धाकटा म्हणाला. "का? कारण ती बंद राहिली. दहा दिवस. कडी लावून."

"माझ्यावरून भांडू नका," आई म्हणाली.

दोघेही थांबले. मग धाकट्याच्या लक्षात ती गोष्ट आली जी वही ठेवणाऱ्या माणसाच्या लक्षात आधी यायला हवी होती.

"पण तुला आला कुठून?" तो म्हणाला. "त्या आठवड्यात गेटातून फक्त खाद्याची गाडी आली होती. मी नोंद केली आहे. तू गेटाकडे फिरकलीही नव्हतीस."

उत्तर ट्रेमधून आलं.

"तो रविवार," ताई म्हणाली.

"तू गप्प बस," आई फोनला म्हणाली.

"कोणता रविवार?" धाकट्याने विचारलं.

"मी दर रविवारी यायचे," ताई म्हणाली. "ड्यूटी संपली की. मागच्या दाराशी. आई डबा खड्ड्याच्या झाकणावर ठेवायची आणि दहा पावलं मागे जायची. आम्ही लांबून बोलायचो. रोज संध्याकाळी मेलेले पक्षी टाकायला तीच येते ना, मग कुणाला काय कळणार?"

कुणालाच कळलं नव्हतं. कामगार गेल्यावर ती बादली कुणी उचलायची हा प्रश्नसुद्धा निघाला नव्हता. ती आईने उचलली होती आणि त्या दाराची किल्ली तिच्याकडे गेली होती. त्या दहा दिवसांतही ती रात्री, सगळे निजल्यावर, बादली रिकामी करून यायची. धाकट्याने दोन महिने एका गेटावर डोळ्यांत तेल घालून पहारा केला होता. मागच्या दाराचा विचार त्याच्या मनात एकदाही आला नव्हता, आणि थोरल्याच्या, डॉक्टरणीच्या, अण्णांच्याही मनात आला नव्हता. ज्या दारातून आत काही येत नाही त्यातून रोग तरी कसा येईल, हे सगळ्यांच्या हाडात भिनलेलं होतं.

"त्या रविवारी वॉर्डात एका दिवसात तीन गेले होते," ताई सांगत होती. "मी डबा उचलला आणि मला चालता येईना. तिथेच बसले. आईने दहा पावलं मोजली नाहीत. ती आली आणि तिने माझं डोकं मांडीवर घेतलं. मला बरं वाटत होतं म्हणून मी तिला लांब हो म्हणाले नाही. मला ताप नव्हता, खोकला नव्हता, काही नव्हतं." ती थांबली. "आई, पुढच्या रविवारी तू आली नाहीस. गुडघे दुखतात म्हणालीस फोनवर."

"दुखतही होते," आई म्हणाली.

फोनमधून बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला.

"मी आत येत नाही," ताई म्हणाली. "काट्याच्या खोलीची किल्ली बाहेर फेक रे."

धाकट्याने जिंकायचं ते जिंकलं होतं. त्याने खिशातून किल्ली काढली आणि ती हातात धरून तो बसून राहिला. त्याला उठवेना.

"ती एकटी राहणार नाही," आई म्हणाली. "मी जाते."

सभेत आई बोलल्याची घराला सवय नव्हती, त्यामुळे सगळ्यांनी एकदम बोलायला सुरुवात केली. धाकटा म्हणाला, आत्ताच उठली आहेस. थोरला म्हणाला, मी जातो, मला काही होत नाही. डॉक्टरीण म्हणाली, तुम्ही बसा. ताई फोनमधून म्हणाली की एकदा आला म्हणून परत येत नाही असं अजून कुणी लिहून दिलेलं नाही, वॉर्डात रोज नवं काहीतरी दिसतं.

"हो का गं?" आईने सुनेला विचारलं.

डॉक्टरणीला खोटं सांगता आलं असतं. "इतक्यात परत येणं कठीण आहे," ती म्हणाली. "पण नाहीच येणार असं मी म्हणणार नाही. आपल्या पाच जणांत तिच्याजवळ बसायला कमीत कमी धोका कुणाला, असं विचारलंत तर तुम्हाला."

"तेच विचारलं."

"पण आई—"

"तू थोरल्याची बाजू सोडून याची घेतलीस. आता याची सोड आणि थोडा वेळ माझी घे."

डॉक्टरणीने दोन्ही भावांकडे पाहिलं. मग तिने औषधांची पिशवी उघडली आणि बोटाला लावून प्राणवायू मोजायचं यंत्र आईच्या क्रेटवर ठेवलं. "रोज सकाळ-संध्याकाळ," ती म्हणाली. "दोघींचंही. आकडा मला फोनवर सांगायचा. चौऱ्याण्णवच्या खाली गेला तर मी कुलूप फोडून येईन."

मत घ्यायचं राहूनच गेलं. अध्यक्षांच्याही ते लक्षात आलं नाही.

साडेपाचला आई वरच्या खोलीतून पांघरूण, दोन साड्या आणि गुडघ्याचं तेल घेऊन खाली उतरली. शेडमध्ये जाऊन तिने बादली घेतली. त्या दिवशी तीन पक्षी मेले होते. जायचंच आहे तर ते काम का ठेवा, असा तिचा विचार होता. ती मागच्या भिंतीकडे निघाली, आणि अर्ध्या वाटेत तिला मागून अण्णांची काठी ऐकू आली.

"तुम्ही कशाला आलात?" मागे न बघता ती म्हणाली. "धाप लागेल."

"लागली आहे," अण्णा म्हणाले. ते सहा पावलं मागे थांबले. आकडा त्यांनीच एके काळी या आवाराला शिकवलेला होता.

लोखंडी दाराशी तिने बादली खाली ठेवली. हे दार अण्णांनी पक्ष्यांच्या मोठ्या रोगाच्या साली भिंत फोडून बसवून घेतलं होतं, कारण त्या साली इतके पक्षी मरत होते की गेटातून नेणं शक्य नव्हतं. तेव्हा चाळीस दिवस त्यांनी आवार बंद ठेवलं. कळप वाचवायचा होता. शहरात तिचे वडील आजारी होते. ते एकोणतिसाव्या दिवशी गेले आणि निरोप भिंतीवरून ओरडून सांगितला गेला. तिने त्याबद्दल नंतर कधी अवाक्षर काढलं नव्हतं, आणि अण्णांनी ते चांगलं लक्षण मानलं होतं.

"त्या साली तू या दाराशी येऊन उभी राहायचीस," अण्णा म्हणाले. "संध्याकाळी. मी शेडमधून पाहायचो."

"मला माहीत आहे."

"तू कधी विचारलं नाहीस."

"विचारलं असतं तर काय म्हणाला असतात?"

अण्णांनी दम खाल्ला. "नाही म्हणालो असतो."

"म्हणून नाही विचारलं." तिने कुलपात किल्ली घातली. "न विचारता जायला हवं होतं. ते चुकलं माझं."

दार करकरत उघडलं. पलीकडे खड्ड्याचं झाकण दिसत होतं, आणि त्याच्या पुढे, भिंतीला वळसा घालून आलेली, बॅग हातात घेऊन उभी असलेली ताई. ती उभ्या उभ्या हलत होती. दमलेलं माणूस हलतं तशी.

"आज विचार," अण्णा म्हणाले.

आईने प्रथमच मागे वळून पाहिलं. त्यांचा मास्क नाकाखाली आला होता. छाती भात्यासारखी वर-खाली होत होती. उभ्या संसारात त्यांनी तिच्याकडे काही मागितल्याचं तिला आठवत नव्हतं.

"जाऊ?" तिने विचारलं.

"जा," अण्णा म्हणाले.

ती बादली घेऊन वाकून बाहेर पडली. किल्ली तिने उंबऱ्यावर ठेवली आणि सहा पावलं मागे सरकली. अण्णा पुढे आले. त्यांनी किल्ली उचलली, खिशातल्या बाटलीतलं औषधाचं पाणी किल्लीवर ओतलं, ती धोतराला पुसली, मग दार ओढून घेतलं आणि कुलूप लावलं. शिस्त ती शिस्त.

थोड्या वेळाने धाकटा त्यांना शोधत आला तेव्हा ते भिंतीशी पाठ टेकून जमिनीवर बसले होते.

"अण्णा, इथे काय करताय? चला आत."

"थांब," अण्णा म्हणाले. "बोलताहेत त्या."

धाकट्याने कान दिला. शब्द कळत नव्हते. एकीचा आवाज, मग दुसरीचा. तो सहा फूट सोडून तिथेच जमिनीवर बसला.